जिथे हात, तिथे मन: नागपुरात नृत्याच्या प्रयोगाला खोली हवी

गेल्या काही वर्षांतल्या एका मे महिन्यात, नागपुरातल्या एका मोठ्या सभागृहात, ‘प्रायोगिक नृत्य’ अशी जाहिरात झालेला एक कार्यक्रम मी पाहिला. प्रसंग यमुनाकाठच्या गोपींचा होता. नर्तकी बोटांनी लाटा दाखवत होती आणि तिच्या पाठीमागे रंगमंचाची सगळी रुंदी व्यापणाऱ्या एलईडी पडद्यावर खऱ्याहून अधिक निळे पाणी हेलकावत होते. तिने घागर उचलली की पडद्यावर घागर येई, तिने मान वर केली की पडद्यावर चंद्र उगवे. नर्तकी उत्तम तयारीची होती आणि तिच्या बोटांत लाट खरोखर होती. पण दहाएक मिनिटांनी माझ्या लक्षात आले की मी तिच्या बोटांकडे पाहतच नाही, आणि माझ्या रांगेतले कोणीही पाहत नाही. त्या रात्री घरी परतताना वस्तीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि लोक भांडी घेऊन रांगेत थांबले होते. सभागृहातले पाणी आणि रस्त्यावरचे पाणी यांची त्या संध्याकाळी एकमेकांशी कुठेच गाठ पडली नव्हती, याची बोच मनात राहिली आणि अजून आहे.

त्या कार्यक्रमात माध्यमे पुष्कळ होती. नृत्य होते, ध्वनिमुद्रित संगीत होते, निवेदन होते, चलच्चित्र होते, प्रकाशयोजना होती. तरीही त्याला प्रयोग म्हणावे असे मला वाटत नाही, कारण ही सगळी माध्यमे एकच गोष्ट एकाच वेळी सांगत होती. बोटे जे म्हणत होती तेच पडदा मोठ्या आवाजात म्हणत होता, आणि मोठा आवाज नेहमीप्रमाणे लहान आवाजाला गिळून टाकत होता. माझे म्हणणे असे आहे की नृत्यातला प्रयोग माध्यमांची बेरीज केल्याने होत नाही. एखादी कल्पना एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेताना ती जिथे अडते, जिथे जशीच्या तशी जाऊ शकत नाही, तिथे शरीराला विचार करावा लागतो, आणि तो विचार म्हणजेच प्रयोग. अशा अडण्याला वेळ लागतो आणि जागा लागते. नागपूर शहर नृत्याला मंच देते, महोत्सव देते, पुष्पगुच्छ देते. वेळ आणि जागा मात्र देत नाही. प्रायोगिक नृत्य या शहरात का रुजत नाही, याचे कारण मला कलावंतांच्या प्रतिभेत किंवा प्रेक्षकांच्या अभिरुचीत दिसत नाही. ते या साध्या सार्वजनिक व्यवस्थेत दिसते.

नृत्याच्या वर्गात पहिल्या काही महिन्यांतच मुलींकडून एक श्लोक पाठ करून घेतला जातो. नंदिकेश्वरांच्या ‘अभिनयदर्पणा’तला तो श्लोक आहे: यतो हस्तस्ततो दृष्टिर्यतो दृष्टिस्ततो मनः, यतो मनस्ततो भावो यतो भावस्ततो रसः. जिथे हात जातो तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, जिथे मन तिथे भाव आणि जिथे भाव तिथे रस. मीही तो लहानपणी घोकला आणि पुष्कळ वर्षे त्याचा अर्थ ‘लक्ष देऊन नाचा’ एवढाच समजत आले. आता वाचताना त्यातला क्रम थक्क करतो. आपला रोजचा समज असा की आधी मनात काहीतरी येते आणि मग हात ते दाखवतो. विचार मालक आणि शरीर त्याचा नोकर. श्लोकातला क्रम याच्या अगदी उलट आहे. सुरुवात हातापासून होते. हात निघतो, नजर त्याच्या मागे जाते, मन नजरेच्या मागे जाते. मन कुठे पोहोचेल हे हात ठरवतो. हालचालीतून विचार कसा घडतो, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात जगभरच्या नृत्यचिंतकांनी आणि मेंदूच्या अभ्यासकांनी मोठ्या उत्साहाने हाती घेतला आहे. आमच्या वर्गातल्या आठ वर्षांच्या मुली त्याचे एक उत्तर चालीवर म्हणत असतात आणि ते उत्तर आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरा दाखला ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तला. वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, चित्रकला कळल्याशिवाय मूर्तिकला कळणार नाही. मग चित्रकला शिकवा, असे राजा म्हणतो. त्यावर उत्तर येते: विना तु नृत्यशास्त्रेण चित्रसूत्रं सुदुर्विदम्; नृत्यशास्त्रावाचून चित्राचे सूत्र समजणे फार कठीण. नृत्यासाठी वाद्य हवे, वाद्यासाठी गीत हवे, आणि असा मागे मागे जात राजा गाण्यापाशी येऊन थांबतो. हा संवाद सगळ्या कला एकच असल्याचा गोड दाखला म्हणून भाषणांत वापरला जातो. मला तो तसा वाटत नाही. कला एकच असत्या तर राजाला कुठूनही सुरुवात करता आली असती. प्रत्येक कलेत असे काही आहे जे दुसऱ्या कलेतून गेल्यावरच कळते, असे ऋषी सांगत आहेत, आणि म्हणून तो प्रवास टाळता येत नाही.

याचा अर्थ मला पुस्तकात कळला नाही, नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, कळला. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मी तिथे उगाच रेंगाळत असे. एका म्हाताऱ्या मूर्तिकाराने बांबू आणि तणसाचा सांगाडा उभा केला होता आणि तो नृत्यमुद्रेतल्या गणपतीचा डावा पाय बसवत होता. मी कथक शिकलेली आहे हे कळल्यावर त्याने मला तसे उभे राहून दाखवायला सांगितले. मी उभी राहिले. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “ताई, वजन या पायावर हाय न, मंग कंबर तिकडं कशी जाईन?” माझी मुद्रा चित्रासारखी सुरेख होती आणि खोटी होती. आरशासमोर, क्षणभर, ती टिकत असे. मातीत ती उभी राहिली नसती, कारण मातीला क्षणभर उभे राहता येत नाही, तिला दहा दिवस उभे राहावे लागते. तेव्हापासून त्या मुद्रेत मी उभी राहते तेव्हा माझे वजन निराळ्या ठिकाणी असते. नृत्यातून मातीत आणि मातीतून परत नृत्यात असा तो फेरा होता, आणि तो पूर्ण व्हायला एक प्रश्न पुरला. आमच्या शहरात चितार ओळ आणि नृत्याचे वर्ग यांत काही किलोमीटरचे अंतर आहे, पण त्यांची भेट घडवून आणणारी व्यवस्था कुठेच नाही. ती रेंगाळणाऱ्याच्या नशिबावर सोडलेली आहे.

खरे तर परंपरेत हे माध्यमांतर रोजच्या रियाजातच बसवलेले आहे. कथकची पढंत, म्हणजे नृत्याचे बोल तोंडाने म्हणणे, घ्या. बंदिश आधी तोंडात बसते, ताल हातावर धरला जातो आणि मग ती पायांत उतरते. तीनतालातली एक सोपी तिहाई पाहू: पाच मात्रांचा एक तुकडा तीन वेळा, आणि मधल्या दोन जागी एकेका मात्रेचा दम. पंधरा आणि दोन मिळून सतरा. समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, निघालो तर सोळा मात्रांचे आवर्तन पुरे होऊन शेवटचा आघात पुढच्या समेवर पडतो. कागदावर हे गणित आहे. तोंडात ते उच्चार आणि श्वास होते, आणि तिथे दम म्हणजे केवळ गप्प राहणे. पायांत आल्यावर तोच दम अवघड प्रश्न विचारतो: थांबायचे ते कोणत्या पायावर? वजन कुठे ठेवायचे, म्हणजे पुढचा तुकडा उशीर न होता उचलता येईल? नजर समेकडे आधीच पाठवायची की रोखून धरायची? गणिताने न विचारलेले आणि तोंडाला न पडलेले हे प्रश्न आहेत. ते फक्त पायांना पडतात आणि पायच ते सोडवतात. याला विचार म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

इथे वर्गातली एक आठवण सांगावीशी वाटते. नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातला कूलर असा गर्जत असे की ताईंची पढंत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. आम्ही त्यांचे ओठ आणि टाळी-खालीचे हात पाहून लय पकडत असू. दोन महिने हे चाले. पावसाळा लागून कूलर बंद झाला आणि बोल पुन्हा ऐकू येऊ लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की लय आता मला डोळ्यांनीही कळते, आणि डोळ्यांनी कळलेली लय कानांनी कळलेल्या लयीपेक्षा किंचित आधी येते, कारण टाळी वाजण्याआधी हात निघालेला दिसतो. हा शोध मला कोणत्याही परीक्षेने दिला नसता. एका अडथळ्याने तो दिला.

भारतीय नृत्यात हा अडथळा जाणीवपूर्वक पत्करणारे मोठे नाव म्हणजे चंद्रलेखा. १९२८ साली महाराष्ट्रातल्या वाडा इथे जन्मलेल्या आणि २००६ साली चेन्नईत निवर्तलेल्या या नर्तकीबद्दल मराठीत फार कमी बोलले जाते, याचे मला दुःख आहे. १९५२ साली भरतनाट्यमचा त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो रायलसीमेतल्या दुष्काळाच्या मदतनिधीसाठी होता. ‘मथुरानगरीलो’ या रचनेत त्या यमुनेचे पाणी, त्या पाण्यातली गोपींची क्रीडा दाखवत होत्या, आणि नाचता नाचता त्यांना वर्तमानपत्रांतली भेगाळलेल्या जमिनीची छायाचित्रे आठवली. हात पाणी दाखवत आहेत आणि मनाला कोरडी जमीन दिसते आहे, ही फट त्यांना त्या मंचावर जाणवली आणि पुढे त्यांनी ती कधी बुजवू दिली नाही. मे महिन्यातल्या त्या सभागृहात मला जी बोच लागली तिचे नाव मला चंद्रलेखांच्या या अनुभवात सापडले. फरक इतकाच की त्यांनी त्या बोचेतून कामाची दिशा काढली. मधली अनेक वर्षे त्या रंगमंचापासून दूर राहिल्या, चित्रमांडणी केली, भित्तिपत्रके केली, चळवळींत काम केले, आणि १९८५ साली ‘अंगिका’ घेऊन परतल्या. तीत भरतनाट्यम, योग आणि केरळची कळरिपयट्टू ही युद्धकला एकमेकांसमोर उभी होती. देवाची गोष्ट नव्हती, दागिन्यांचा भार नव्हता. शरीर कशासाठी वाकते, कशासाठी उसळते, हे उघडे करून दाखवणे होते.

त्यानंतर १९८९ साली त्यांनी ‘लीलावती’ केले. भास्कराचार्यांचा हा बाराव्या शतकातला गणिताचा ग्रंथ नृत्यात आणायचा ही कल्पना ऐकताना विचित्र वाटते, पण ग्रंथ उघडला की ती विचित्र राहत नाही. त्यातले एक कोडे असे आहे: तळ्यात एक कमळ पाण्यावर अर्धा हात वर दिसते, वाऱ्याने ते हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते, तर पाण्याची खोली किती? उत्तर पावणेचार हात येते, आणि ते काढायला काटकोन त्रिकोणाचा नियम लागतो. पण नियम लागू करण्याआधी वाचकाला ते कमळ मनात कलवावे लागते. देठाची लांबी कायम राहते, टोक कमानीत फिरते, आणि ती कमान जिथे पाण्याला टेकते तिथे उत्तर असते. म्हणजे भास्कराचार्यांनी गणित शिकवण्यासाठी वाचकाकडून एक हालचाल करवून घेतली आहे. अशा ग्रंथात नृत्य बाहेरून आणून घालावे लागत नाही. हे आपल्या भाषेतल्या मुलांना कळावे म्हणून मी एकदा एका शाळेत मुलांना दंडापासून बोटांपर्यंतचा हात देठ समजून कलवायला लावला होता. खांदा स्थिर ठेवून हात कलवताना बोटांचे टोक खाली येते हे त्यांनी पाहिले आणि फळ्यावरचा त्रिकोण त्यानंतर काढला. वर्गातल्या सर्वांत गप्प मुलाने उत्तराची दिशा आधी दाखवली, आणि ती तोंडाने सांगण्यापूर्वी हाताने दाखवली.

आता पश्चिमेकडची दोन-तीन उदाहरणे घेते, कारण ‘प्रयोग म्हणजे परदेशी नक्कल’ हा आक्षेप आपल्याकडे लगेच येतो आणि त्याचे उत्तर उदाहरणे पाहूनच देता येते. अमेरिकन नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी संगीतकार जॉन केज यांच्यासह असे ठरवले की नृत्य आणि संगीत एकाच काळात एकत्र असतील, पण एकाने दुसऱ्याच्या मागे चालायचे नाही. तालाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला हे रुचणे कठीण आहे, मलाही पहिल्यांदा रुचले नव्हते. परंतु त्यातला प्रश्न खरा आहे: संगीताचा आधार काढून घेतल्यावर शरीराची स्वतःची लय उरते का? पुढे सत्तरी गाठल्यावर, सांधेदुखीने जखडलेले असताना, त्यांनी संगणकावरच्या आकृती वाकवून हालचाली रचायला सुरुवात केली. पडद्यावरच्या आकृतीला हाडे नसतात, त्यामुळे ती अशा रीतीने वळते की माणसाला सुचणार नाही. मग नर्तकांनी तालमीत शोधायचे की हे माणसाच्या शरीराला कसे आणि कितपत जमेल. १९९९ सालच्या ‘बायपेड’ या त्यांच्या रचनेत नर्तकांच्या हालचालींवरून तयार केलेल्या रेखाकृती पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपित होत आणि खरे नर्तक त्या पडद्यामागे नाचत. रेखाकृती आणि नर्तक एकमेकांचे अनुकरण करत नव्हते. पडद्याला माझा विरोध नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. नर्तकीची पुनरुक्ती करणारा पडदा आणि नर्तकीशी वाद घालणारा पडदा यांत फरक आहे. आपल्याकडे उदय शंकरांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी अलमोड्याच्या केंद्रात छायानाट्याचा वापर केला, १९४८ साली ‘कल्पना’ हा चित्रपट केला आणि १९७०च्या सुमारास चित्रपट व रंगमंच एकमेकांत मिसळणारा ‘शंकरस्कोप’ उभा केला. ही परंपरा घरची आहे आणि आपण ती विसरलो आहोत.

माया डेरेन यांचा १९४५ सालचा जेमतेम तीन मिनिटांचा मूकपट नृत्य शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे. टॅली बीटी हा नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय एका घराच्या खोलीत टेकतो. पाऊल एकच, जागा दोन. रंगमंचावर हे अशक्य आहे, कारण तिथे पाऊल जिथून उचलले त्याच जमिनीवर पडते. इथे कॅमेऱ्याने नृत्याचे नुसते चित्रण केले नाही, कॅमेरा स्वतः त्या पावलाचा अर्धा भाग झाला. आपल्या वर्गांचे वार्षिक कार्यक्रम हल्ली मोबाइलवर चित्रित होतात आणि रील म्हणून फिरतात. त्या प्रत्येक मुलीच्या हातात डेरेन यांच्याकडे होते त्याहून सोयीचे यंत्र आहे. पण मुद्रा कॅमेऱ्यासमोर कशी बदलते, तीस सेकंदांत समेचे काय होते, हे प्रश्न तिला कोणी विचारायला शिकवलेले नाही.

आणि अमेरिकन नर्तकी ट्रिशा ब्राऊन. १९७९ सालच्या एका एकल रचनेत त्या दोन निरनिराळी नृत्ये एकमेकांत गुंफत नाचत आणि त्याच वेळी दोन निरनिराळ्या गोष्टी आळीपाळीने प्रेक्षकांना सांगत. म्हणजे चार धागे एकाच शरीरात. गोष्ट मध्येच तुटायची आणि हात मात्र न अडखळता पुढे जायचे. कधी हाताचे वळण बदलताच वाक्याचा स्वर बदलायचा. एकाच माणसात किती ठिकाणी विचार चालू असतो, हे यापेक्षा प्रामाणिकपणे कोणी दाखवल्याचे मला माहीत नाही. हे पाहताना मला आमच्या घरातली आजी आठवते, जी पोळी लाटता लाटता वहीतला हिशेब तोंडी सांगत असे. लाटणे आणि हिशेब दोन्ही चुकत नसत, पण एखाद्या मोठ्या आकड्यापाशी लाटणे क्षणभर थांबे. त्या थांबण्यात जे घडत असे ते ब्राऊन यांनी रंगमंचावर आणले.

विचाराचा एवढा आग्रह धरला की नृत्य कोरडे होते, त्यात रस राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण कोरडी, केवळ हुशार नृत्ये मी पाहिली आहेत आणि त्यांत बसून राहणे कठीण गेले आहे. मात्र विचार म्हणजे शब्दांत सांगता येणारा संदेश, हे समीकरण त्या आक्षेपात गृहीत धरलेले असते. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरतमुनींना हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारतात: नृत्त, म्हणजे अभिनयावाचूनचे निव्वळ नाचणे, गीताच्या अर्थाशी बांधलेले नाही, तर मग ते निर्माण कशासाठी केले? भरतमुनी उत्तर देतात की नृत्त कोणत्याही अर्थाची अपेक्षा ठेवत नाही. ते शोभा निर्माण करते म्हणून ते प्रवर्तित झाले. पर्यावरण, स्त्रीशक्ती, मतदान अशा विषयांवरची जी नृत्ये आपल्या महोत्सवांत ‘विचारप्रधान’ म्हणून सादर होतात, ती माझ्या दृष्टीने विचारापासून सर्वांत दूर असतात, कारण त्यांचा विचार नृत्याच्या आधीच, निवेदनाच्या कागदावर, संपलेला असतो. नर्तकांनी फक्त तो पोहोचवायचा असतो.

प्रेक्षकांचा प्रश्न उरतो. नागपूरचा माणूस असले काही पाहायला येणार नाही, असे आयोजक ठामपणे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर उभे राहून हे विधान कोणी करून पाहावे. काळी आणि पिवळी मारबत, त्यांच्यासोबतचे बडगे, बांबू-कागद-कापडाच्या त्या पुतळ्यांवर लिहिलेले वर्षभराचे संताप, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी, आणि गर्दीची एक अशी चाल जिच्यात कोणी नर्तक नाही आणि कोणी प्रेक्षक नाही: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे शहर शिल्प, शब्द आणि हालचाल यांतून आपले सार्वजनिक मत मांडत आले आहे. महागाईचा बडगा पाहून लोक त्याचा अर्थ विचारत नाहीत. माध्यमांची ही अदलाबदल वाचण्याची सवय ज्या गावाला आहे, त्याला प्रयोग कळणार नाही असे म्हणणे त्या गावाचा अपमान आहे.

शिवाय या शहरात नृत्य शिकणाऱ्या मुलींची संख्या पाहा. प्रत्येक मोठ्या वस्तीत कथकचा किंवा भरतनाट्यमचा वर्ग आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात वर्षे मुली परीक्षा देतात. २००५ साली लंडनमधल्या संशोधकांनी बॅले आणि कापोएरा या दोन शैलींतल्या निष्णात नर्तकांना दोन्ही शैलींच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली मोजल्या, तेव्हा स्वतःला येणाऱ्या शैलीची हालचाल पाहताना मेंदूतले कृतीशी संबंधित भाग अधिक सक्रिय झालेले आढळले. स्वतः नाचलेला माणूस नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही, तो शरीराने पाहतो. या हिशेबाने नागपुरात शरीराने पाहणारा फार मोठा प्रेक्षकवर्ग तयार होत असतो, आणि विशारदच्या प्रमाणपत्रानंतर आपण त्याला वाऱ्यावर सोडतो. माझ्याबरोबर विशारद झालेल्या बहुतेक मैत्रिणींनी त्यानंतर घुंगरू माळ्यावर ठेवले. त्यांना नृत्याचा कंटाळा आला होता असे नाही. त्यांना पुढे काय करायचे याची जागा कुठे दिसत नव्हती.

मंच हेही एक माध्यम आहे आणि ते निरागस नाही, हे गडचिरोलीच्या गोंड आणि माडिया गावांतल्या रेला नृत्यावरून कळते. हात गुंफून, गात, गोलाकार फिरत चालणारे हे नृत्य. त्यात कोणाचीही पाठ कोणाकडे नसते, कारण सगळे आतल्या बाजूला असतात. हेच नृत्य एखाद्या सरकारी सोहळ्यात मंचावर आणले की गोल मोडतो, रांग होते, सगळ्यांची तोंडे मान्यवरांकडे वळतात आणि सात मिनिटांत ते आवरते. पावले तीच राहतात, गाणे तेच राहते. पण ‘आपण सगळे एकमेकांसमोर आहोत’ हा त्या नृत्यातला विचार मंचाच्या पायरीवरच राहून जातो. आपली बहुतेक सार्वजनिक सभागृहे एकाच दिशेला तोंड करून बांधलेली आहेत. रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे २,००० आसनांचे आहे, आणि अशा वास्तूची शहराला गरज आहेच. पण २,००० खुर्च्यांसमोर बोटातली लाट दिसत नाही, म्हणून तिथे पडदा येतो. पडदा येणे हा आयोजकाच्या अभिरुचीचा दोष कमी आणि अंतराचा परिणाम जास्त आहे.

मराठी नाटकाने हा धडा पन्नास वर्षांपूर्वी घेतला. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ सालापासून ‘आविष्कार’ने आणि इतर संस्थांनी जे प्रयोग केले, त्यांना नाट्यगृह मिळाले नव्हते, शाळेची खोली मिळाली होती. कमी खुर्च्या, कमी भाडे, जवळ बसलेला प्रेक्षक, आणि फसण्याची मुभा. त्या मुभेतून एका पिढीचे नाटक उभे राहिले. नृत्याला महाराष्ट्रात असे छबिलदास कधी मिळाले नाही. नागपुरातले नृत्यगट लग्नसराई नसताना मंगल कार्यालयात, नाहीतर सोसायटीच्या सभागृहात खुर्च्या भिंतीला लावून, टाइल्सच्या फरशीवर तालमी करतात. तत्काराचा, म्हणजे कथकच्या पदन्यासाचा, प्रत्येक आघात गुडघ्यात जातो आणि साडेआठ वाजता रखवालदार दिवे मालवायला येतो. अशा वेळात आधी बसवलेले पक्के करता येते. नवे काही शोधता येत नाही.

म्हणून माझी मागणी महोत्सवाची नाही. १९८६ साली स्थापन झालेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरात आहे. अनेक राज्यांचे कलावंत त्या निमित्ताने इथे येतात. त्यांच्या येण्याला सादरीकरणाच्या एका संध्याकाळीऐवजी दोन आठवड्यांचा मुक्काम जोडता आला, आणि रेलाच्या नर्तकांनी आमच्या कथकच्या मुलींना मंचावर नव्हे तर जमिनीवर गोलात घेतले, तर जे घडेल ते कोणत्याही पडद्यावर दाखवता येणार नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यांपैकी एका शाळेतली एक मोठी खोली पहिल्या वर्षी द्यावी, एका वेळी एका गटाला, सलग तीन महिन्यांसाठी. मोठ्या कार्यक्रमांच्या मंचसज्जेसाठी जी तरतूद होते तिचा लहानसा वाटा यासाठी वेगळा काढावा आणि तो तयार कार्यक्रमासाठी न देता तालमीच्या दिवसांसाठी द्यावा. गटात एकतरी माणूस नृत्याबाहेरचा असावा: गणिताची शिक्षिका, चितार ओळीतला मूर्तिकार, कोणी कवी, कोणी कॅमेरा चालवणारा. महिन्यातून एका शनिवारी दार उघडे ठेवून जे अर्धवट असेल तेच लोकांना दाखवावे, आणि दाखवून झाल्यावर तासभर बोलावे, मराठीतून. नृत्यावर मराठीत लिहिणारे आपल्याकडे मोजके आहेत, आणि त्यांना लिहिण्यासारखे काही दिसावे अशी जागाही नाही. त्या शनिवारांतून कदाचित लिहिणारेही तयार होतील.

त्या खोलीत पक्क्या खुर्च्या नसाव्यात, म्हणजे प्रेक्षक तिन्ही-चारही बाजूंना जमिनीवर बसू शकतील. प्रक्षेपक यंत्र लागले तर गट भाड्याने आणील. मे महिन्यासाठी कूलर लागेल. आणि जमीन लाकडी हवी, खाली थोडी पोकळी ठेवून बसवलेली, म्हणजे पायाचा आवाज खोलीला ऐकू येईल आणि गुडघे शाबूत राहतील.